पाहुण्याची जोडी

रविवारी उन्हं कलली की केशोरीच्या उदारामच्या घरी दोन गोष्टी न चुकता होत. त्याची बायको शकुंतलाबाई तुळशीपुढे दिवा लावायची आणि उदाराम अंगणातल्या खाटेवर बसून फोनचा आवाज पुरा वाढवायचा. दिव्याचा कोणाला त्रास नव्हता. फोनमधून मात्र श्यामलाल बोलायचा, आणि श्यामलालचा आवाज माईक नसला तरी दोन शेतं ओलांडणारा.

"येऊन रायली आहे, येऊन रायली आहे, धावपट्टीवर येऊन रायली आहे केशोरीची नामी जोडी. बैलाचं नाव हिरा आणि तुफान. मालक आणि धुरकरी उदाराम, बापाचं नाव चैतराम, मुक्काम केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव. आणि दुसऱ्या बाजूनं येऊन रायला पाहुणा. मालक माहीत नाई, गाव माहीत नाई, बैलाचं नाव माहीत नाई. पण पळवते मात्र झकास."

मग घंटा वाजायची. उदाराम दोन्ही अंगठे फोनवर आपटायचा, तोंडानं खऱ्या बैलांना करतात तसं हुर्र हुर्र करायचा, आणि बहुतेक वेळा शेवटी फोन खाटेवर टाकून म्हणायचा, "गेला. पुन्हा या पाहुण्यानं मारलं मले."

तेवढ्यात कोठ्यातून, म्हणजे जिथे आता बैल नाहीत, एक गाय आणि कोंड्याची पोती आहेत तिथून, शकुंतलाबाई पदराला अंगठे पुसत बाहेर यायची.

"चहा ठेवू का?"

"ठेव. हा पाहुणा कोनी का असेना, हात आहे त्याचा. उगाच नाई हाणत बैलाले. पोरगं असते तर आतापर्यंत बैल फुगवून टाकले असते त्यानं. हा कोनी जुना, मुरलेला मानूस आहे, पाहजो तू."

"असन बाप्पा," म्हणून ती आत जायची आणि चहात साखर जरा जास्तच टाकायची.

आता सांगायला हरकत नाही. तो जुना, मुरलेला माणूस चहाच करत होता.

शकुंतलाबाईचं माहेर सालेकसा भागातलं, कचारगडच्या वाटेवरचं. तिचे वडील केवलराम पटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन. धानाची शेती बेताची, पण कोठ्यात पटाची जोडी कायम. कोसा आणि लाखा. एक कोशाच्या रंगाचा, दुसरा लाखेसारखा तांबूस. त्यांना नाल्यावर नेणं, धुणं, ढेप चारणं, पायाला तेल चोळणं, सगळं शकुंतलाकडे. कोसा उजवीकडे ओढतो आणि लाखाला आधी ढील द्यावी लागते, मग तो आपल्या मनानं सुटतो, हे बापाला लेकीनं सांगितलं होतं. पण पटाच्या दिवशी लेक घरी. पाहुणे येणार, स्वयंपाक कोण करणार? आणि बाईनं कासरा धरला तर बैल बावरते, असं गावातली शहाणी माणसं म्हणायची. जिच्या हातून रोज चारा खाल्ला तिच्या हाताला बैल कसा बावरेल, हे तिनं कोणाला विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. एकदाच नाल्यावरून परतताना रिकाम्या छकड्यावर ती उभी राहिली, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि लाखाला ढील दिली. गावाच्या शिवेपर्यंत. एवढंच. पण पुढे कित्येक वर्षं धान रोवताना, निंदताना, कंबर मोडून आली की तिला ती शीव आठवायची.

लग्न झालं तेही धुरकऱ्याशी, पटात छकडा हाकणाऱ्याशी. उदाराम तेव्हा भागात नावाजलेला होता. छकड्यावर असा चिकटून बसायचा की लोक म्हणत याला खिळ्यानं ठोकला आहे. मग काही वर्षं पट बंद झाले. बैल विकले. पट पुन्हा सुरू झाले तोवर उदारामच्या गुडघ्यानं साथ सोडली होती. पटाला जाऊन काठावर बसायचा आणि घरी येऊन कोणाशी बोलायचा नाही.

मग आला हा फोनवरचा पट. पटझेप नावाचा खेळ. डावा अंगठा डाव्या बैलाचा, उजवा उजव्याचा. नुसतं हाणलं की बैल फुगतो, म्हणजे बाजूला ओढत जातो, आणि जोडी धावपट्टीच्या बाहेर. दोघांचं पाऊल जुळवून नेलं तर पळते. प्रतापगडच्या पायथ्याशी राहणारा श्यामलाल, ज्यानं आयुष्यभर पटात माईकवरून जोड्या पुकारल्या, त्यानं दर रविवारी फोनवर पट भरवायला सुरुवात केली. जुने धुरकरी, दुकानदार, शिक्षक, गोंदियातले हौशी, सगळे त्यात शिरले. उदारामला सून रेणूनं फोनवर हा खेळ टाकून दिला आणि तो रविवारचा पुन्हा माणसात आला.

रेणूचं घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन कामाचं केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, धान विक्रीची नोंदणी, जे लागेल ते. नवरा चंद्रकुमार रायपूरला राइस मिलच्या मशिनी दुरुस्त करतो, महिन्यातून एकदा येतो. घर सासू आणि सून चालवतात आणि उदाराम चालवतो असं दोघी मानून घेतात.

एका दुपारी उदाराम झोपला असताना शकुंतलाबाईनं त्याचा फोन उचलला. खेळ उघडाच होता. डावा अंगठा, उजवा अंगठा. उजवीकडचा जरा ओढत होता. तिनं डाव्याला ढील दिली.

संध्याकाळी ती रेणूला म्हणाली, "माझ्या फोनवर टाकून दे ते."

"काय ते, आई?"

"ते. बैल."

रेणू हसली नाही, हे शकुंतलाबाईनं तिच्या नावे जमा करून ठेवलं. "नाव काय टाकू?"

"नाव नको."

नाव टाकलं नाही तर खेळ आपोआप 'पाहुणा' लिहितो. झालं. पाहुण्याच्या जोडीचं असं नामकरण झालं.

लपवायचं कारण विचाराल तर दोन होती. एक उदारामचं. बैल गेले, गुडघा गेला, रविवार तेवढा उरला होता. त्यात त्याला घरातच हरवणारी बसली आहे हे साऱ्या तालुक्याला कळलं तर तो फोनही विकेल, असं तिला वाटायचं. दुसरं कारण तिचं स्वतःचं. पाहुण्याला कोणी मागे ढकलत नव्हतं. कोणी वहिनी म्हणून जिंकू देत नव्हतं, कोणी बाई म्हणून हसत नव्हतं. पाहुणा हरला तर हरला, जिंकला तर जिंकला. इतकं मोकळं तिला त्या शिवेनंतर कधी वाटलं नव्हतं.

खोटं मात्र ती बोलली नाही. देवाधर्माची बाई, खोटं बोलून दिवा लावणं तिला जमलं नसतं. उदारामनं विचारलं, "कुठं आहेस व?" तर ती म्हणायची, "कोठ्यात आहो." होतीच. काय करून रायली, हे त्यानं कधी विचारलं नाही. पोळ्याला कोठ्यात बैल नव्हते तेव्हा तिनं आपल्या फोनच्या पाठीला हळदकुंकू लावलं. उदारामनं पाहिलं आणि म्हणाला, "फोन जुना झाला वाटते, बुढीनं सोडून देलं देवावर."

सगळं नीट चाललं होतं. बिघडलं श्यामलालच्या भाच्यामुळे. त्यानं मामाला जुना कॉम्प्युटर आणून दिला, म्हणे पट यावर भरवा, मोठं दिसते. आणि खरंच मोठं दिसलं. इतकं की प्रत्येक जोडीपुढे एक लांबलचक नंबरही दिसायला लागला. चार तुकड्यांचा, मध्ये टिंब टिंब.

श्यामलालला तो नंबर पाहून फार बरं वाटलं. खऱ्या पटात जोडीला नंबर असतो, तो पुकारावा लागतो. इथे इतके दिवस नंबराविना पुकारत होतो, चुकलंच आपलं. त्यातून पाहुण्याचं दुःख होतंच. नाव नाही, गाव नाही, पुकारणाऱ्यानं करावं काय? आता निदान नंबर तरी मिळाला. त्या रविवारपासून श्यामलाल सगळ्या जोड्यांचे नंबर टिंबासकट, सुरात, दोनदा पुकारायला लागला. वर स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. खाली लिहायचा, सर्व मालकांनी आपापला नंबर पाठ करावा.

काही हौशी मालकांनी खरंच पाठ केला. उदारामनं तर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला.

पुढच्याच रविवारी ऐन पळतीत हिरा आणि तुफान धावपट्टीच्या मधोमध उभे राहिले. अंगणात उदाराम ओरडला, "अरे चाल ना बे." कोठ्यात शकुंतलाबाईची जोडीही खांबासारखी उभी. दोन्हीकडे पांढरं चाक नुसतं गोल गोल फिरत होतं. त्यानंतर अधूनमधून असं व्हायला लागलं. आणि मग ते रविवारपुरतं राहिलं नाही. धान विक्रीच्या नोंदणीचे दिवस. रेणूच्या केंद्रापुढे शेतकरी आधार कार्ड घेऊन उभे आणि नेटची लाइन मेलेली. दुर्गेश्वरी नावाची लांबच्या वस्तीवरची बाई दोनदा मजुरी बुडवून आली आणि दोनदा तशीच परत गेली.

रेणूनं लाइनवाल्याला बोलावलं. त्यानं तपासून सांगितलं की लाइन तुटली नाही, कोणीतरी तुमच्या नंबरावर बाहेरून ढीगभर खोटं काम सोडून रायला आहे, त्या लोंढ्यात खरं काम अडकते. कोणता नंबर, म्हणून रेणूनं विचारलं. लाइनवाल्यानं मान वळवली आणि भिंतीवर बोट दाखवलं. कोळशानं लिहिलेला.

"हा तुमच्या घराचा नेटवरचा पत्ता आहे ताई. केंद्राच्या कॅमेऱ्यासाठी तुमी पक्का नंबर घेतला, म्हून तो बदलत बी नाई. असा भिंतीवर कायले लिवला?"

रेणूनं सासूसासऱ्यांना समोर बसवलं. "मामाजी, धानाच्या बांधीत पाणी कुठून येते हे साऱ्या गावाले माहीत असलं तर चालते. पण पाणी अडवणारा धुरा कुठं कच्चा आहे हे वैऱ्याले सांगून ठेवलं तर काय होईन?"

"राती येऊन फोडन आणि सारं पानी सोडन," उदाराम म्हणाला.

"तेच झालं. खेळात हरलेल्या कोणीतरी श्यामलालमामाच्या फोटोतून आपला नंबर उचलला आणि आपल्या धुऱ्यावर पाणी सोडून रायला."

"कोन तो?"

"ते नाई कळत. त्यानं आपला नंबर लपवला आहे."

उदाराम उठला आणि ओल्या फडक्यानं भिंत पुसायला लागला. कोळसा पसरला, नंबर गेला, भिंत काळी झाली. त्याला वाटलं, निस्तरलं. पण नंबर तोवर ग्रुपभर झाला होता, आणि त्यात जे दिसायचं ते एकाला दिसलंच.

हिमांशू गोंदियाचा. मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. खेळायला बरा, बोलायला त्याहून बरा. त्यानं ग्रुपवर सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज टाकला.

"श्यामलालजी, जरा फोटो ध्यान से देखिए. उदारामकाका का नंबर और पाहुणा का नंबर, दोनों एकदम सेम. मतलब एक ही घर. काका एक फोन से हारते हैं, दूसरे से जीतते हैं. और हम लोग इधर पाहुणा-पाहुणा करके ताली बजा रहे हैं. ये तो सीधा घोटाला हो गया ना?"

त्याखाली हसण्याची पिवळी तोंडं. मग आणखी. एकानं लिहिलं, जुने धुरकरी, जुने खेळ. उदारामनं ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

श्यामलालचा फोन आला. आवाज माईकवरचा नव्हता, साधा होता. "उदाराम, आपन किती वर्षाचे सोबती गा. खरं सांग. संक्रांतीचा मोठा पट आहे, सारे मले विचारून रायले."

"मी दोन जोड्या पळवीन? चोरून? श्यामलाल, तू मले हे विचारून रायला?"

"मी नाई विचारत. नंबर विचारते."

उदारामनं फोन ठेवला. जेवायला बसला, दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. "खेळ काढून टाक माझ्या फोनातला," तो रेणूला म्हणाला. "आयुष्यात बैलाच्या पाठीत टोचलं नाई कधी मी. पटात लोकं काय काय करत होते, मी नाई केलं. आता या वयात एका डबड्यापायी चोर म्हनवून घेऊ?"

शकुंतलाबाई भाकर थापत होती. तव्यावरची करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेणूजवळ केंद्रात येऊन बसली. अजून कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

"काही करता येते का?"

रेणूनं आधीच विचार करून ठेवला होता. "येते. लाइनवाला नंबर बदलून देऊन रायला. तुमचा फोन मी सिमच्या नेटवर टाकते, मग दोन नंबर वेगळे दिसतीन. आणि ग्रुपवर लिहिते की कधी कधी अख्ख्या वस्तीचा मिळून एकच नंबर असते, म्हून पाहुणा केशोरीतला कोनीही असू शकते. मामाजी बी सुटले आणि तुमी बी."

"असते का तसं? अख्ख्या वस्तीचा एक नंबर?"

"असते ना. बऱ्याच जागी असते."

"आपल्याकडे?"

रेणूनं माऊस इकडून तिकडे केला. "आपला पक्का आहे, आई. आपला आपल्याच घराचा आहे."

शकुंतलाबाई पदर सावरून उठली. "मग नको लिहू. नंबर बदल, ते चांगलं काम आहे. बाकी मी पाहीन."

"पण आई, तुमाले नाव नव्हतं ना सांगायचं. तो तुमचा हक्क आहे. कोनी आपला पत्ता चोरून पाहिला म्हून आपन काऊन उघडं व्हावं?"

"हाव. माझंच आहे ते, म्हून तर मीच ठरवीन," ती म्हणाली. "मी लपली होती तवा कोनाचं काही जात नव्हतं. आता त्याईचं जाऊन रायलं."

त्या संध्याकाळी तुळशीपुढे ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी होती. मागितलं काय, ते तिचं तिला माहीत. पण आत येताना तिनं श्यामलालला फोन लावला आणि म्हणाली, "भाऊ, रविवारी आमचे मालक येतीन खेळायले. तुमी पट भरवा. पाहुण्याचा निकाल तिथंच लागन."

"वहिनी, तुमाले माहीत आहे का कोन आहे तो?"

"रविवारी."

उदारामला खाटेवर बसवणं त्याहून अवघड गेलं. शेवटी ती म्हणाली, "खेळले नाई तर लोकं म्हनतीन चोर पळाला." मग तो बसला. खेळ रेणूनं त्याच्या फोनातून काढलाच नव्हता. आवाज मात्र वाढवला नाही. शकुंतलाबाईनं दिवा लावला, आपला फोन घेतला आणि कोठ्याकडे वळण्याऐवजी येऊन खाटेवर त्याच्या शेजारी बसली.

"तुले काय पाहिजे?" उदाराम म्हणाला.

"जरा सरका."

फोनमधून श्यामलाल बोलत होता. आज सूर नव्हता. "मंडळी, पट सुरू करायच्या आधी एक गोष्ट. पटाचा कायदा आहे, बिननावाची जोडी पळत नाई. इतके दिवस मी सोडून देलं, माझी चूक. पाहुणा ऐकत असन तर त्यानं नाव सांगावं."

"बोलो भाई, बोलो," हिमांशूचा आवाज आला. "या काका ही बोल दें."

शकुंतलाबाईनं रेणूनं दाखवल्याप्रमाणे फोनवरच्या माईकच्या चित्रावर बोट ठेवलं. गळा साफ केला. खऱ्या पटात ऐकून ऐकून तिला ती पुकारणी तोंडपाठ होती.

"येऊन रायली आहे धावपट्टीवर जोडी कोसा आणि लाखा," ती म्हणाली. "मालकीन शकुंतलाबाई. बापाचं नाव केवलराम, मुक्काम माहेर सालेकसा भाग, सासर केशोरी. धुरकरी तीच. नंबर एक होता कारन घर एक आहे. माझे मालक एकच जोडी पळवतात, आणि त्याईले आतापर्यंत हे माहीत नव्हतं. अजून बी नीट समजलं नसन, बाजूलेच बसले आहेत."

फोनमध्ये नुसती कोणाकडची तरी कोंबडी ऐकू येत होती.

उदाराम तिच्याकडे पाहत होता. मग तिच्या फोनकडे. त्यावर लिहिलं होतं, पाहुणा.

"तू," तो म्हणाला.

"हाव."

"पोळ्याच्या पहिले अर्ध्या बैलाच्या अंतरानं हरलो, तो पट बी तूच?"

"हाव."

"आणि हरवून वरतून मले चहा पाजत होती?"

"साखर जास्त टाकत होती," ती म्हणाली.

हे सगळं माईकवर चाललं होतं हे दोघांच्या ध्यानात नव्हतं. आधी कोणीतरी शिक्षक हसले, मग सगळा पट हसला. हिमांशू म्हणाला, "आंटीजी, सॉरी. काका, आपको भी सॉरी. लेकिन आंटीजी, इतने दिन छुपाया क्यों?"

"तुमी दुकानात बसता ना भाऊ? येनाऱ्या परत्येक गिऱ्हाइकाले बापाचं नाव विचारता का?" शकुंतलाबाई म्हणाली. मग ती श्यामलालकडे वळली, म्हणजे आवाजानं वळली. "आणि श्यामलालभाऊ, तुमी गडाच्या पायथ्याशी रायता. वरच्या महादेवाच्या पेटीत कोनी मूठ झाकून टाकते. तिथल्याच दर्ग्यावर कोनी येऊन चादर ठेवून निंगून जाते. त्याईचं नाव तुमी माईकवर पुकारता का? महादेव नाई विचारत, पीरबाबा नाई विचारत. नाव झाकलं म्हून कोनी चोर नाई होत. तुमच्या फोटोतला नंबर उचलून ज्यानं आमच्या लाइनवर पानी सोडलं, केंद्राचं काम अडवलं, त्यानं बी नाव झाकलं आहे, पन तो चोर झाकल्यानं नाई झाला, केल्यानं झाला."

श्यामलालचा इतका बारीक आवाज ग्रुपमध्ये कोणी आधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, तो नंबर मी पुकारला. जोडीचा नंबर समजून. टिंबासकट."

"सुरात पुकारला," उदाराम म्हणाला. "मी भिंतीवर लिवला."

"फोटो काढून टाकतो मी सारे."

"टाका," शकुंतलाबाई म्हणाली. "आता घंटा वाजवा. अंधार पडून रायला, मले सैपाक आहे."

श्यामलालला सूर सापडला. त्यानं कोसा आणि लाखाला असं पुकारलं की पलीकडच्या घरचे लोक अंगणात आले. घंटा वाजली. शकुंतलाबाईचे अंगठे चालायला लागले. हिरा आणि तुफान मात्र जागचे हलले नाहीत, कारण त्यांच्या धुरकऱ्यानं फोन मांडीवर ठेवला होता आणि तो बायकोचे हात पाहत होता.

"उजव्याले दाबून ठेवतेस," तो हळूच म्हणाला. "आणि डाव्याले सोडतेस पहिले."

"लाखा तसाच होता."

"मले काऊन नाई सांगितलं कधी? खऱ्या बैलाच्या वेळी?"

जोडी शेवटच्या टप्प्यात होती. ती पार गेल्यावर शकुंतलाबाई म्हणाली, "तुमी विचारलं नाई."

उदाराम उठला, गुडघा धरत आत गेला, आणि बऱ्याच वेळानं दोन कप चहा घेऊन आला. चहा कसा होता हे सांगण्यात अर्थ नाही. तिनं पूर्ण प्याला.

त्या आठवड्यात रेणू श्यामलालकडे गेली. खेळातच एक सोय होती, ती त्याच्या कॉम्प्युटरवर बंद पडून होती. थेट एकमेकांच्या फोनला जोडण्याऐवजी सगळ्या जोड्या खेळवाल्यांच्या मधल्या मशीनमधून जातात, आणि मग कोणालाच कोणाच्या घराचा नंबर दिसत नाही. जोडी किंचित दमानं पळते, एवढंच. रेणूनं ती सुरू केली. मग प्रत्येक मालकाच्या खेळातल्या पानावरचं काय काय काढावं ते सांगितलं. उदारामच्या पानावर मोबाइल नंबर, जन्मतारीख, घराचा फोटो आणि किती बांध्या धान आहे तेही होतं. "बांध्या तरी राहू दे," तो म्हणाला. रेणूनं राहू दिल्या नाहीत.

श्यामलालनं नवा कायदा केला आणि माईकवरून वाचला. मालक सांगन तेवढंच पुकारलं जाईल. न सांगितलेलं कोणी विचारणार नाही, कोणी शोधणार नाही, शोधलेलं कोणी ग्रुपवर टाकणार नाही. लाइनीवर पाणी सोडणारा कोण होता ते अखेरपर्यंत कळलं नाही. नंबर बदलल्यावर लोंढा थांबला आणि दुर्गेश्वरीचं धान नोंदवलं गेलं.

संक्रांतीच्या पटात कोसा आणि लाखा दुसरे आले, हिमांशूच्या मागे. तो तिला आता गुरुमाय म्हणतो. हिरा आणि तुफान तिसरे. उदारामनं डाव्याला ढील द्यायला सुरुवात केली आहे, पण ते बायकोकडून शिकला असं म्हणत नाही. म्हणतो, मलेच सुचलं.

आणि पटानंतरच्या रविवारी श्यामलाल पुकारत होता तेव्हा एक नवीनच जोडी धावपट्टीवर आली. तिच्यापुढे लिहिलं होतं, पाहुणा.

उदारामचे कान टवकारले. त्यानं आधी बायकोच्या फोनकडे पाहिलं. तिथे शकुंतलाबाईचं नाव ठळक होतं. मग त्यानं केंद्राच्या खिडकीकडे पाहिलं. रेणू आत होती. खाली मान घालून काहीतरी करत होती.

"रेणू तर नाई?" तो कुजबुजला. "का श्यामलालची बायको? का तो शिक्षक? पाहून येऊ का जरा?"

"बसा चूप," शकुंतलाबाई म्हणाली आणि अंगठे पदराला पुसले. "पाहुना आहे. आला तर ये म्हनायचं."

फोनमधून श्यामलालचा आवाज दोन शेतं ओलांडून गेला. "येऊन रायला, येऊन रायला, पाहुणा येऊन रायला. मालकाचं नाव मालकाजवळ, गावाचं नाव गावाजवळ, आणि जोडी मात्र आपल्या पटात."